काळी, पांढरी आणि वैमानिकरहित विमान

प्रत्येक गांवाचे दोन भाग, एक काळी व दुसरी पांढरी, ही आपल्या जुन्या वसुली कागदांतील वांटणी या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, अर्थात् गांवठाण. कै. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 'गांवगाडा' (स. १९१५) या ग्रंथांत ज्या ग्रामसंस्थेचें वर्णन केलें आहे, तिचा बहुतेक व्यवहार या दोहोंभोंवतीं फिरत असे. हे शब्द केवळ सांकेतिक आहेत असा पुष्कळांचा समज असतो, पण तो बरोबर नाहीं. जेथें माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती घातल्या, त्या पावसाळ्यांत बसल्या, त्यांवरच पुन्हां नव्या घातल्या, चुलींची राख टाकली, शेणामातीनें सारवलें आणि गुरें बांधलीं, तेथील माती हळूहळू फिकट, भुसभुशीत व राखट होत जाते. विदर्भाच्या काळ्या कपाशीच्या रानांत असा फिकट पट्टा पडला म्हणजे तो सहसा पुसत नाहीं. गांव उठून गेलें, घरें पडलीं, नांगर फिरला, तरी पांढरी ती पांढरीच राहते.

हा रंगभेद जमिनीवर उभें राहून पाहणारास तुकड्यातुकड्यांनीं दिसतो. बांध आडवा येतो, तुरीचें पीक आडवें येतें. तोच शंभर मीटर उंचीवरून पाहिला तर एका दृष्टिक्षेपांत दिसतो. ज्या वैमानिकरहित विमानास आतां शेतकरीही 'ड्रोन' म्हणूं लागला आहे, त्याचा आमच्या संशोधनाशीं संबंध येतो तो येथें. यंत्राची स्तुति करण्याचा आमचा हेतु नाहीं. हें यंत्र गेल्या कांहीं वर्षांत महाराष्ट्राच्या पांढऱ्यांवरून पद्धतशीर फिरविलें गेलें, त्याचा इतिहाससंशोधकांस काय उपयोग आहे व त्यांतून कोणती पांढरी सुटून गेली आहे, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम हें काम करावें कां लागलें तें पाहूं. इंग्रजी अमलांत जमिनीची मोजणी झाली ती साऱ्यासाठीं. ज्या जमिनीवर सारा नाहीं तिची बारकाईनें मोजणी करण्याचें सरकारास कारण नव्हतें. वऱ्हाडांत मुंबई इलाख्याची खातेवार पद्धति लागू झाली. तिच्या मोजणीदाराची साखळी ३३ फुटांची असून तिचे सोळा आणे पाडलेले असत. ३३ फूट चौरस म्हणजे एक गुंठा, व चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हा हिशोब अजून खेड्यांतील प्रत्येकाच्या जिभेवर आहे. साखळीचा एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित् अधिक. शेताच्या मोजणीस ही सूक्ष्मता पुरेशी होती. परंतु गांवठाणाच्या कडेशीं आल्यावर साखळी थांबे व नकाशावर घरांच्या जागीं एकच पोकळ आकृति उमटे. नागपूर प्रांतांत भोंसल्यांचें राज्य स. १८५३ मध्यें खालसा झाल्यावर जी बंदोबस्ताची पद्धति आली ती मालगुजारीची. तेथें आबादीची जागा मालगुजाराच्या हुकमतीखालीं असे. कोणी कोठें घर बांधावें, पडीक जागा कोणास द्यावी, याचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' या कागदांत लिहिलेले असत. पण घरोघरचा नकाशा येथेंही नव्हता. पुढें स. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी हक्क नाहींसे झाले, व स. १९५१ पासून आबादी सरकाराकडे आली. मालगुजाराच्या माडीवर बसून तोंडी होणारे निवाडे बंद झाले आणि त्यांची जागा घेईल असा कागद मात्र तयार झाला नाहीं. मोठ्या गांवठाणांचें नगरभूमापन पुढें होत गेलें, लहान खेडीं तशींच राहिलीं.

ज्यानें खेड्यांत दिवाणी दावे पाहिले आहेत त्यास या पोकळ आकृतीची किंमत ठाऊक आहे. दोन भावांच्या मधली भिंत कोणाची, उकिरड्याची जागा कोणाची, वाड्याच्या मागची बोळ सरकारी कीं खाजगी, याचा पुरावा म्हणजे म्हाताऱ्यांच्या आठवणी. जो म्हातारा आधीं मेला त्याचा पक्ष पडला!

ही उणीव भरून काढण्याचा महाराष्ट्रांतील पहिला प्रयोग पुणें जिल्ह्यांत, पुरंदर तालुक्यांतील सोनोरी या गांवीं झाला. सोनोरी हें पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांचें गांव. त्यांचा वाडा तेथें आहे व डोक्यावर मल्हारगड आहे. अशा ऐतिहासिक गांवाची निवड मुद्दाम झाली असेल असें आम्हांस वाटत नाहीं, पण योग चांगला जुळून आला. भूमि अभिलेख खातें व भारतीय सर्वेक्षण विभाग यांनीं मिळून हा प्रयोग केला. त्यानंतर केंद्र सरकारनें ता. २४ एप्रिल २०२० रोजीं 'स्वामित्व' ही योजना सुरू केली, व ता. ११ ऑक्टोबर २०२० रोजीं सहा राज्यांतील ७६३ गांवांस पहिल्या मिळकत पत्रिका दिल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्राचीं १०० गांवें होतीं. इतर राज्यांत पत्रिका फुकट, व महाराष्ट्रांत मात्र तिचा अल्पसा खर्च मालकाकडून घेण्याची रीति, असा भेद त्या वेळीं होता. ता. १८ जानेवारी २०२५ रोजीं एकाच दिवशीं दहा राज्यें व दोन केंद्रशासित प्रदेश यांतील ५० हजारांहून अधिक गांवांत ६५ लक्षांवर पत्रिका वांटल्या गेल्या, तोंपर्यंत तीन लक्षांहून अधिक गांवांवरून विमानें फिरून झालीं होतीं. साखळीच्या काळांत या कामास किती पिढ्या लागल्या असत्या याची कल्पना वाचकांनींच करावी.

कामाची रीत अशी. आधीं ग्रामसभा भरवून लोकांस कल्पना देतात. मग प्रत्येक घरमालक आपल्या जागेच्या कडेनें चुन्याच्या पुडीची रेघ ओढतो. शेजारी हजर असतो, तंटा असल्यास तो येथेंच बाहेर पडतो. रेघा ओढून झाल्यावर विमान उडवितात. तें आपल्या मनानें फिरत नाहीं. आधीं आंखून दिलेल्या समांतर ओळींनीं, शेतकरी जसा तास धरून वखर चालवितो तसें, तें गांवावरून पुढेंमागें जातें व ठराविक अंतरानें खालचें चित्र घेतें. एका चित्राचा निम्म्याहून अधिक भाग पुढच्या चित्रांत पुन्हां येईल इतकें तें अंतर जवळ असतें.

ही पुनरुक्ति व्यर्थ नव्हे. सगळी मेख तिच्यांतच आहे. आपल्या दोन डोळ्यांस एकच वस्तु किंचित् निरनिराळ्या जागीं दिसते व त्या फरकावरून आपणांस अंतर कळतें. त्याचप्रमाणें चुन्याच्या रेघेचा एखादा कोपरा पांच-सात चित्रांत पांच-सात कोनांतून दिसला म्हणजे गणितानें त्याची लांबी, रुंदी व उंची अशीं तिन्ही मापें निघतात. साध्या चित्रांत उंच वाड्याची भिंत बाहेर कललेली दिसते व तिच्या सावलींत बोळ झांकून जातो. हा कल गणितानें काढून टाकिला म्हणजे प्रत्येक बिंदु अगदीं माथ्यावरून पाहिल्यासारखा आपल्या खऱ्या जागीं बसतो, आणि चित्राचा नकाशा होतो. स्वामित्व योजनेंत चित्राचा एक कण म्हणजे जमिनीवरील पांच सेंटिमीटर, व नकाशाचें प्रमाण १ : ५००. म्हणजे तो कण नकाशावर मिलिमीटरचा दहावा भाग भरतो. जुन्या साखळीच्या एका आण्यांत असे बारा कण सहज बसतात.

परंतु कण लहान असला म्हणजे माप खरें असतेंच असें नाहीं, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. सगळा नकाशा आंतून निर्दोष असून एक हात पूर्वेस सरकलेला असूं शकतो. म्हणून जमिनीवर कांहीं बिंदूंचीं स्थानें आधीं अचूक ठरवावीं लागतात. सर्वेक्षण विभागानें यासाठीं उपग्रहांचे संकेत अहोरात्र टिपणारीं कायम ठाणीं देशभर उभारलीं आहेत. या ठिकाणीं नागपूरकरांस एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाहीं. भारताच्या महात्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन हा मद्रासेजवळ स. १८०२ मध्यें पहिली पायारेषा मोजून उत्तरेकडे सरकत सरकत नागपुरास येत असतां वाटेंत हिंगणघाट येथें ता. २० जानेवारी १८२३ रोजीं वारला. ज्या कामासाठीं त्यानें आयुष्य वेंचलें तें काम आज आकाशांतील ठाण्यांवरून होतें. पण बिंदूस बिंदु जोडून देश मापण्याची कल्पना तीच आहे. नागपुरांतील झिरो माइलच्या स्तंभाविषयीं तो भारताचा मध्यबिंदु असल्याची लोकसमजूत आहे. आमच्या विषयास त्याहून तेथील स. १९०७ चें उंचीचें प्रमाणचिन्ह अधिक उपयोगी. कारण उपग्रहावरून निघणारी उंची ही पृथ्वीच्या एका काल्पनिक गुळगुळीत पृष्ठापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे, आणि आपल्या देशांत या दोहोंत कित्येक मीटरांचें अंतर पडतें. तें न काढतां जुन्या नकाशावरील उंचीशीं नव्या उंचीची तुलना करूं जाणें म्हणजे शकाची व सनाची बेरीज करण्यासारखें आहे.

येथवर मालकी हक्काचें झालें. आतां मातीकडे वळूं.

वैमानिकरहित विमानाचा जन्म युद्धाच्या पोटीं झाला हें खरें, तथापि भूशास्त्रानें तें लवकरच आपलेंसें केलें. स. १९९८ च्या ऑगस्टांत हवामानाच्या निरीक्षणासाठीं बनविलेलें 'एरोसाँड' हें लहानसें विमान कोणी आंत न बसतां अटलांटिक महासागर ओलांडून गेलें. स. २००६ च्या मार्चांत डॉ. वीरभद्रन् रामनाथन् यांनीं मालदीव बेटांवरून तीन विमानें एकाखालीं एक, ढगांच्या वर, ढगांत व ढगांखालीं, एकाच वेळीं उडवून हिंदी महासागरावरील धुरकट मेघपटल सूर्याची किती उष्णता शोषून घेतें तें मापिलें. स. २०१० पासून अमेरिकेच्या 'नासा' संस्थेनें 'ग्लोबल हॉक' हें सुमारें ६० हजार फुटांवर उडणारें विमान वातावरणाच्या अभ्यासास लाविलें. आमचें काम यापुढें फारच खालचें, अक्षरशः मातीलगतचें. पण त्यासाठींही नागपुराइतकें योग्य ठिकाण क्वचितच सांपडेल. मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन यांची राष्ट्रीय संस्था स. १९७६ पासून, व महाराष्ट्राचें सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स. १९८८ पासून याच शहरांत आहे. इस्रोचें मध्य विभागाचें सुदूर संवेदन केंद्रही येथेंच. मातीच्या रंगाचें शास्त्र व आकाशांतून पाहण्याचें शास्त्र एका रस्त्यावर नांदत आहेत, आणि आमच्यासारखे इतिहासाचे अभ्यासक त्यांच्या दारावरून वर्षानुवर्षें जातात, आंत शिरत नाहींत!

उपग्रह असतां लहान विमान कशास, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर हिशोबांत आहे. एक एकर म्हणजे सुमारें ४,०४७ चौरस मीटर. ज्या उपग्रहचित्राचा कण ३० मीटरांचा आहे त्यांत एकरभर पांढरीस चार-पांच कण येतात. कण १० मीटरांचा असल्यास चाळीस. पांच सेंटिमीटरांच्या चित्रांत त्याच एकरांत सोळा लक्ष कण पडतात. उठून गेलेल्या खेड्याची पांढरी पुष्कळदां एक-दोन एकरांचीच असते. उपग्रहास ती म्हणजे एक फिकट डाग. विमानास मात्र तिचा आकार, तिची किंचित् फुगलेली पाठ व तिच्याकडे येणारी जुनी पांदण हीं सर्व दिसूं शकतात.

तीं केव्हांही दिसतात असें मात्र नाहीं. आश्विनांत कपाशी व तूर यांनीं जमीन झांकलेली असतां विमान उडविणें म्हणजे बुरख्यावरून चेहरा ओळखण्यासारखें आहे. चैत्र-वैशाखांत वखरणी होऊन वावर उघडें पडलें म्हणजे काळ्या-पांढऱ्याचा भेद उठून दिसतो. मृगाचा पहिला पाऊस पडून उघडीप झाली म्हणजे दोन-तीन दिवस आणखी एक संधि असते. काळी माती ओल धरून बसते, पांढरी लौकर सुकते, व वाळण्याच्या या फरकानें कडा स्पष्ट होतात. रब्बींत गहू किंवा हरभरा असेल तर पीकच साक्ष देतें. खालीं दगडाचा थर असला तर मुळें खोल जात नाहींत व तेवढें पीक खुरटतें, आधीं पिवळें पडतें. उलट पांढरीच्या राखट, खतावलेल्या मातींत तें दाट येतें. मनुष्याच्या डोळ्यास न दिसणाऱ्या, तांबड्याच्या पलीकडच्या किरणांत हिरवें पान अतिशय उजळ दिसतें, म्हणून ते किरण टिपणारें यंत्र विमानास बसविलें तर हा फरक डोळ्यांस कळण्याआधीं चित्रांत कळतो. उंचसखलपणा पाहावयाचा तर मात्र सूर्य कलता हवा. दुपारच्या उन्हांत हातभर उंचीची टेकाडी सपाट दिसते; सूर्योदयानंतरच्या पहिल्या घटकांत तिची सावली लांबच लांब पडते. इंग्लंडांत क्रॉफर्ड यांनीं स. १९२० नंतरच्या दशकांत विमानांतून चित्रें घेऊन जुनीं शेतें व तट शोधिले ते याच सावल्यांच्या व पिकांच्या साहाय्यानें.

आपल्या काळ्या मातीचा एक स्वभाव मात्र तिकडील ग्रंथांत फारसा आढळत नाहीं. ती उन्हाळ्यांत हातहात फाटते, पावसाळ्यांत फुगून मिटते. भेगांतून वरची माती व खापरें खालीं जातात, खालचीं वर येतात. जमीन दरसाल स्वतःसच ढवळीत असते. म्हणून येथें बारीक भिंतीची रेघ फार काळ टिकत नाहीं. पांढरीचा ढोबळ डाग टिकतो. परदेशी पुस्तकांतील सुबक चित्रें पाहून तशींच येथें मिळतील अशी आशा करणारा निराश होईल. आम्ही झालों.

या शोधाचें महत्त्व नागपूरच्या आसमंतांत विशेष आहे. जुनापाणी येथील शिलावर्तुळांविषयीं रिव्हेट-कार्नॅक यांनीं स. १८७९ मध्यें लिहिलें, व पुरातत्त्व खात्याच्या वतीनें बा. कृ. थापर यांनीं स. १९६१ च्या सुमारास तेथें उत्खनन केलें. पुढें डॉ. शां. भा. देव यांनीं नागपूर विद्यापीठातर्फें टाकळघाट-खापा, माहुरझरी इत्यादि ठिकाणें खणलीं. नायकुंड येथें तर लोखंड गाळण्याची भट्टीच सांपडली. हीं वर्तुळें बहुधा मुरमाड, नांगरास नालायक अशा उंचवट्यांवर आहेत, म्हणून तीं वांचलीं. पण तीं मृतांचीं स्मारकें होत. तीं उभारणारे जिवंतपणीं राहत कोठें, याचें उत्तर टाकळघाटासारख्या थोड्याच ठिकाणीं मिळालें आहे. वस्त्या पाण्याजवळच्या काळ्या रानांत असणार, व त्यांतील कित्येक नांगराखालीं किंवा आजच्या गांवांच्या पांढरीखालीं गेल्या असणार, असें आम्हांस वाटतें. हें अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. कुही तालुक्यांतील अडम येथें स. १९८८ ते १९९२ या काळांत झालेल्या उत्खननांत तटबंदीचें नगर उजेडांत आलें. असा तट-खंदक असला तर तो कलत्या उन्हांत आकाशांतून सहज ओळखूं येईल. तटाशिवायची वस्ती ओळखण्यास मातीचा रंग हाच आधार.

आतां मुख्य मुद्दा. स्वामित्व योजनेची विमानें जिवंत गांवठाणांवरून फिरलीं. जेथें माणूस नाहीं तेथें मिळकत पत्रिका कोणास द्यावयाची? पण आपल्या पटवारी दप्तरांतील गांवांची यादी उघडली तर नांवापुढें 'रीठ', 'रिठी' किंवा 'बेचिराग' असा शेरा असलेलीं गांवें विदर्भांत तालुक्या-तालुक्यांतून भेटतात. शिवार आहे, नकाशा आहे, वसुलीचा क्रमांक आहे, वस्ती नाहीं. पेंढाऱ्यांच्या धाडी, पटकी, स. १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ, नदीचें पाणी, मालगुजाराचा जुलूम, अशा नाना कारणांनीं तीं उठलीं. त्यांची पांढरी दरसाल नांगरली जात आहे, आणि नागपूरच्या चहूं बाजूंस ती नांगराखालूनही निघून 'ले-आउट' च्या मुरमाखालीं जात आहे. जिवंत पांढरीचें चित्र सरकारनें घेतलें; या मृत पांढरीचें चित्र कोणीही घेतलेलें नाहीं.

गेल्या दोन उन्हाळ्यांत आम्हीं अशा तीन रीठ गांवांच्या शिवारांत जाऊन पाहिलें. विमान एका तरुण मोजणीदार स्नेह्याचें, दोन किलोंच्या आंतलें होतें. पहिल्या ठिकाणीं जें दिसलें त्यानें आमचा उत्साह फारच वाढला. लोक ज्यास 'पांढरीचें वावर' म्हणत होते त्यांत सुमारें दोन एकरांचा लांबट फिकट पट्टा निघाला व त्याच्या एका टोंकापासून ओढ्याकडे जाणारी बारीक रेघ दिसली. पायीं जाऊन पाहतां पट्ट्यावर खापरें, पाट्याचा तुकडा व कडेस निंबाखालीं शेंदूर फासलेला मारुति. दुसऱ्या ठिकाणीं याहून उठावदार पांढरा डाग मिळाला. आम्हीं टिपणें घेतलीं, मापें घेतलीं, आणि वस्तीच्या विस्ताराविषयीं एक लहानसें व्याख्यानही सोबतच्या मुलांस दिलें. तेवढ्यांत वावराचा मालक आला व म्हणाला, "अजी, हे तं आमच्या बाची वीटभट्टी होती नं!" राखेचा रंग तोच, मात्र वय चाळीस वर्षें. तिसऱ्या ठिकाणीं कांहींच दिसलें नाहीं. चौकशी करतां कळलें कीं, तेथील पांढरी माती खत म्हणून बैलबंड्यांनीं आसपासच्या वावरांत नेऊन टाकण्यांत दोन पिढ्या गेल्या. पांढरी होती, ती वाटली गेली.

या तीन अनुभवांवरून आमचें मत असें झालें आहे कीं, विमान जागा दाखवितें, काळ दाखवीत नाहीं. गांव केव्हां बसलें, कोणाच्या अमलांत उठलें, त्याचें नांव काय होतें, हें मोडी कागदावांचून, जेन्किन्सच्या स. १८२७ च्या अहवालासारख्या जुन्या वृत्तांतांवांचून, आणि बांधावर बसून म्हाताऱ्यांशीं बोलल्यावांचून कळत नाहीं. खापरें पाहणारा डोळा तर हवाच. एक मधला दुवा मात्र आतां मिळूं लागला आहे. अमेरिकेच्या 'कोरोना' या हेरगिरीच्या उपग्रहांनीं स. १९६० ते १९७२ या काळांत घेतलेलीं चित्रें स. १९९५ मध्यें खुलीं झालीं. त्यांतील उत्तम चित्रांची सूक्ष्मता सुमारें दोन मीटरांची आहे. जो डाग त्या चित्रांतही पांढरा आहे तो निदान आमच्या वीटभट्टीहून जुना, एवढें तरी म्हणतां येतें.

जिवंत गांवठाणांविषयींही एक काळजी आहे. वऱ्हाडांत व नागपूर प्रांतांत पुष्कळ गांवांच्या मध्यभागीं जुनी गढी असते. तिची माती घरांच्या धाब्यासाठीं व भिंतींसाठीं लोक नेत असतात, व ती वर्षानुवर्षें झिजत असते. मिळकत पत्रिकेंत धारण करणाराचें नांव, क्षेत्र व सीमा येतात. ही जागा तीनशें वर्षांची गढी आहे कीं कालचा उकिरडा, यास तेथें रकाना नाहीं. पत्रिका हातीं आली कीं कर्ज मिळतें, कर्ज मिळालें कीं पक्कें घर उठतें. यांत गैर कांहीं नाहीं, किंबहुना योजनेचा हेतु तोच आहे. परंतु पक्कें घर उठण्यापूर्वींचें त्या पांढरीचें अखेरचें यथार्थ दर्शन म्हणजे मोजणीच्या वेळचीं मूळ चित्रें. नकाशा तयार झाल्यावर मूळ चित्रें अडगळ समजून पुसलीं जाऊं नयेत, व तीं राज्याच्या पुराभिलेख खात्यांत ठेवावीं, अशी लेखी विनंति संशोधन संस्थांनीं करणें अगत्याचें आहे. दोन वेळच्या चित्रांवरून गढीची उंची व आकारमान मापून दहा वर्षांत किती माती गेली हें घनमीटरांत सांगतां येतें. पण त्यास पहिलें माप हातीं असावें लागतें.

जे सभासद स्वतः हें काम करूं इच्छितात त्यांनीं स. २०२१ चे ड्रोन नियम वाचावे. हिरव्या क्षेत्रांत ४०० फुटांपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाहीं. परंतु नागपुराभोंवतीं विमानतळ व वायुदलाचीं ठाणीं असल्यामुळें आपण कोणत्या रंगाच्या क्षेत्रांत आहों हें सरकारी नकाशावर पाहून मगच निघावें. संरक्षित स्मारकावर, म्हणजे जुनापाणीसारख्या ठिकाणीं, पुरातत्त्व खात्याची परवानगी निराळी लागते. आणि परवानगी असो वा नसो, कोणाच्या वावरावरून किंवा अंगणावरून यंत्र फिरविण्यापूर्वीं मालकास विचारावें. वीटभट्टीची गोष्ट आम्हांस त्यामुळेंच कळली.

रीठ गांवांच्या याद्या तालुकावार करण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें आहे. हिंगणें व नागपूर ग्रामीण या तालुक्यांचीं टांचणें झालीं आहेत. उमरेड व कुही राहिले आहेत. येत्या वैशाखांत वखरणी झाली कीं उमरेडकडील दोन शिवारांस जाण्याचें ठरलें आहे. ज्यांच्या घरीं त्या बाजूच्या मालगुजारी दप्तरांतील नकाशे किंवा वाजिब-उल-अर्जाच्या नकला असतील त्यांनीं त्या आम्हांस पाहावयास द्याव्या. त्या जागींच उतरून घेऊन परत केल्या जातील.